भूपालरावांची बंद खोली

सांगलीचे कारखानदार भूपालराव मगदूम यांना आपल्या खाजगी विमानात भिंत घालून खलबतांसाठी बंद खोली करायची होती. पण भिंतीला झरोके ठेवल्याशिवाय मंजुरी नाही, असं म्हणून विमानतपासनीस मृणाल खांबेटे अडून बसल्या. मग जागा दाखवायला भूपालरावांनी त्यांना विमानातच बसवलं.

"झरोके ठेवले तर आतलं बोलणं बाहेर जाईल, बाई. आणि भिंत सागवानी असणार आहे. पैलवानांनी ढकलली तरी हलायची नाही."

समोर भडंगाची दोन पाकिटं होती. मृणालताईंनी पदराची पिन काढून एकाला भोक पाडलं. बाई करतायत तरी काय, म्हणून भूपालराव बघत राहिले. विमान उंचावर गेलं, तसं बंद पाकीट टम्म फुगलं. भोकाचं होतं तसंच राहिलं.

"आपण सावकाश चढलो, तरी हे असं," मृणालताई म्हणाल्या. "उद्या पुढची खिडकी फुटली, तर खोलीबाहेरची हवा क्षणात जाईल आणि खोलीतली अडकून भिंतीला रेटेल."

"पण माझं बोलणं?"

"ते राहील की आत. भिंत तेवढी बाहेर जाईल."

भूपालरावांनी फुगलेलं पाकीट जपून बाजूला ठेवलं आणि झरोके केवढे लागतील ते विचारलं.