ऐंशी काट्यांची चकती

त्या प्रदेशात घरटे बांधण्यास कोणालाही मनाई नव्हती. मनाई होती ती पारंगत नसताना बांधण्यास.

नियम जुना नव्हता. एका वर्षी वादळात तळ्याकाठच्या बाभळीवरून एक घरटे पडले. चौकशी समिती नेमली गेली आणि तिने तीन महिने बसून असा निष्कर्ष काढला की बांधणाऱ्याचे पुरेसे शिक्षण झाले नव्हते. वादळाचे शिक्षण किती झाले होते, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता. तेव्हापासून ज्याच्या गळ्यात विद्यापीठाची लाकडी चकती असेल त्याचेच घरटे बाभळीवर लटके. बाकीच्यांची उतरवली जात.

त्या बाभळीवर दोरू नावाचा एक सुगरणपक्षी राहत असे. त्याचे आजोबा विणत, बाप विणत असे आणि तोही विणत असे. विणणे ही काही करायची गोष्ट आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. चोच उघडावी तशी ती होत असे. सुगरणींत रीत अशी की नराने घरटे अर्धे बांधायचे, मग मादीने येऊन चोचीने ते ओढून पाहायचे. टिकले तर ती आत शिरते, नाहीतर पुढच्या फांदीवर जाते. लव्हाळी नावाच्या मादीने दोरूचे घरटे तीनदा ओढले, चौथ्यांदा लटकून झोके घेतले, मग म्हणाली, "बरंय. खालची नळी जरा लांब कर. साप येतात."

दोरूने नळी लांब केली. अगदी स्वतःच्या अंगाएवढ्या रुंदीची. तो शिरला की मागे गवताची काडी शिरायला जागा उरू नये अशी. दोघांचा संसार तिथे सुरू व्हायचा, तेवढ्यात फांदीवर सरडा आला.

सरडा विद्यापीठाच्या कचेरीत होता. प्रत्येक खिडकीवर त्याचा रंग वेगळा असे, त्यामुळे एका खिडकीत त्याने सांगितलेले दुसऱ्या खिडकीत त्यालाच आठवत नसे.

"घरटं कुणाचं?" त्याने विचारले.

"माझं, भाऊसाहेब."

"पारंगत आहात का?"

"मीच बांधलंय की."

"बांधता येतं का, असं मी विचारलं नाही," सरडा म्हणाला आणि घरट्यावर चुन्याचा ठिपका दिला. "तिसऱ्या आषाढाच्या अखेरीपर्यंत मुदत. चकती आली तर ठिपका पुसू. नाही आली तर घरटं उतरवू."

लव्हाळीने विचारले, "किती दिवसांचं असतं ते?"

"दोन मोसमांचं."

"म्हणजे दोन मोसम मी अंडी पोटात धरून बसू?"

दोरूने ठिपका चोचीने खरवडून पाहिला, तो निघाला नाही. शेवटी तीच म्हणाली, "जा. ये करून. पण दोन म्हणजे दोन."

विद्यापीठ माळावर होते. आसपास गवत नव्हते, पाणी नव्हते. एक वठलेले झाड तेवढे होते आणि त्याच्या फांद्यांवर विभाग होते. घरटेशास्त्राचा विभाग सर्वांत खालच्या फांदीवर, कारण विभागप्रमुखांना उंचीची भीती वाटे.

प्रवेशासाठी दोरूने आपण ज्या अंड्यातून निघालो त्याचे कवच साक्षांकित करून आणले. सरड्याने ते उलटसुलट पाहिले आणि आईचेही मागितले. तेही आणल्यावर पात्रता सिद्ध झाली, म्हणजे दोरू पक्षी आहे हे विद्यापीठाला मान्य झाले.

पारंगत होण्यासाठी बाभळीचे ऐंशी काटे मिळवावे लागत. 'घरट्याची व्याख्या' या विषयाचे चार, 'घरट्याचा इतिहास' याचे चार, 'घरटे नसणे: एक दृष्टिकोन' याचे सहा. काही विषय आवडीनुसार निवडायचे होते. तीन होते, त्यांतल्या दोहोंना शिक्षक नव्हते, तेव्हा दोरूने स्वतःच्या आवडीने 'बिळांचा तौलनिक अभ्यास' घेतला. त्याने आजवर विणलेली अकरा घरटी मात्र मोजली गेली नाहीत. प्रवेशापूर्वीचे विणकाम हस्तांतरित होत नाही, असे सरडा म्हणाला. तेव्हा तो हिरवा होता.

हजेरी शंभरांत पंचाहत्तर हवी. गवत आणायला उडून गेलेल्याची हजेरी लागत नसे. फांदीवर डुलक्या घेणाऱ्याची लागत असे. तरी पहिल्याच महिन्यात दोरू एकदा चार कोस जाऊन एक ओली, लांब पात घेऊन आला आणि तास चालू असताना चोचीत धरून बसला.

"हे काय आणलंत?" टिटवीमॅडम म्हणाल्या.

"गवत, मॅडम."

"गवत चौथ्या सत्रात आहे."

टिटवीमॅडम या विभागप्रमुख, आणि पुढे दोरूच्या मार्गदर्शकही. त्यांनी आयुष्यात घरटे बांधले नव्हते. टिटव्या दगडगोट्यांत अंडी घालतात आणि कोणी जवळ आले की ओरडतात. 'उघड्यावरील घरटे: एक पुनर्विचार' या प्रबंधावर त्यांना चकती मिळाली होती आणि ती त्यांना शोभे, कारण त्या कुठे आत शिरत नसत.

पहिला मोसम काट्यांत गेला. दुसऱ्या मोसमात प्रबंध-घरटे बांधायचे होते. दोरूला वाटले, आता आपले दिवस आले. त्याने आठ दिवसांत एक देखणे घरटे विणून मॅडमपुढे टांगले. मॅडमनी ते न पाहता सरड्याकडे पाठवले आणि सरड्याने साम्याचा अहवाल दिला.

"आधीच्या घरट्यांशी बासष्ट टक्के जुळतंय."

"सुगरणीचं घरटं आहे, भाऊसाहेब. जुळणारच ना."

"दहाच्या आत आणा."

दोरूने नळी खालून काढून वर लावली. आता पाऊस थेट आत पडे, पण आकडा एकेचाळीसवर आला. मग त्याने तळ सपाट केला, छप्पर काढले, अंडी सावरणारा मधला उंबरा उलटा बसवला. आकडा नऊवर आला तेव्हा त्यात घरट्याचे म्हणून काही उरले नव्हते. सरड्याने खूश होऊन शिक्का दिला.

मॅडमनी मान वाकडी करून ते पाहिले. "याला परंपरेचा आधार दिसत नाही."

"मग काय करू, मॅडम?"

"प्रत्येक काडी आधी कोणी वापरली होती, ते तिथल्या तिथं लिहा."

दोरूने लिहिले. एकेका काडीला तीन-तीन चिठ्ठ्या लागल्या. चिठ्ठ्यांच्या वजनाने घरटे दोनदा फांदीवरून निसटले. तिसऱ्यांदा त्याने काड्या कमी केल्या आणि चिठ्ठ्या वाढवल्या, आणि मॅडम प्रथमच म्हणाल्या, "आता आकार येतोय."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती अशी की दोरूला हे शब्द आवडले. त्या दिवशी तो फांदीवर छाती जरा पुढे काढून बसला, आणि खाली माळावरून एक अडाणी चिमणी कापूस घेऊन चालली होती तिच्याकडे पाहून त्याने मान हलवली.

दुसरा मोसम संपला तरी दोरू परतला नाही, म्हणून लव्हाळीच माळावर आली. तिने प्रबंध-घरटे पाहिले आणि सवयीप्रमाणे चोचीने ओढले. अर्धे तिच्या चोचीत आले.

"यात कोण राहणार?"

"राहायचं नाहीये," दोरू म्हणाला. "सादर करायचंय."

लव्हाळीने चोचीतल्या चिठ्ठ्या थुंकल्या. "हे बघ, मी आणखी थांबणार नाही. आपलं बाभळीवरचं घरटं अजून जागच्या जागी आहे, चुन्याच्या ठिपक्यासकट. या आषाढात मी तिथंच अंडी घालणार. मुदत संपायच्या आत ये. नाही आलास तर तो सरडा घरटं उतरवेल, आणि मग तू पारंगत हो नाहीतर वेडा हो, मला सांगायला येऊ नकोस."

ती उडून गेल्यावर दोरूला खरोखर भीती वाटली. त्याने उरलेले सगळे धावत केले. प्रबंध-घरट्याच्या पाच प्रती केल्या. नियमाप्रमाणे प्रत्येक प्रतीचे तोंड काळ्या दोऱ्याने शिवून घेतले, म्हणजे आत कोणी शिरून काही बदलू नये. सरड्याने त्यांवर क्रमांक घालून त्या झाडाच्या ढोलीत ठेवल्या. ढोलीत आधीची शेकडो घरटी होती, सगळी तोंडे शिवलेली. वाळवीखेरीज आजवर त्यांत कोणी गेले नव्हते. मग तळ्यावरच्या बदकांकडून, आपल्याकडून त्यांचे पाणी परत करायचे राहिलेले नाही, असा दाखला आणला. दोरू कधी पोहला नव्हता; दाखल्याला त्याची अडचण आली नाही.

आषाढाचे चार दिवस उरले असताना मौखिक परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षक म्हणून कोकिळाबाई आल्या. दुसऱ्यांच्या घरट्यांचा एवढा अनुभव त्या प्रदेशात कोणालाच नव्हता. टिटवीमॅडमनी त्यांचे स्वागत केले, त्यांनी टिटवीमॅडमच्या आवाजाचे कौतुक केले.

"मला एकच विचारायचंय," कोकिळाबाई दोरूला म्हणाल्या. "यात कोणी परकं अंडं ठेवलं, तर ते ओळखता यावं अशी काही सोय आहे का?"

"नाही, मॅडम. ती राहून गेली."

"राहू दे. तोच या कामाचा मोठा गुण आहे."

दोरू पहिल्या वर्गात पारंगत झाला. वठलेल्या झाडाच्या लाकडाची चकती त्याच्या गळ्यात बांधली गेली. ती पिंपळपानाएवढी रुंद होती, आणि नियम असा की ती काढायची नाही. जो चकतीविना दिसेल तो अशिक्षित धरला जाईल, आणि काटे पुन्हा पहिल्यापासून.

चकती घेऊन उडणे जड होते. चार कोसांना तीन दिवस लागले. दोरू बाभळीवर पोचला तो मुदतीचा अखेरचा दिवस होता आणि सरडा ठिपक्याजवळ तयारच होता. पण आत लव्हाळी होती, आणि तिच्या पोटाखाली तीन पांढरी अंडी होती.

"चकती?" सरडा म्हणाला.

दोरूने छाती पुढे केली. सरड्याने चकतीवर नख वाजवून पाहिले आणि चुन्याचा ठिपका पुसला. "ठीक. आता आत जा, म्हणजे माझी नोंद पूर्ण होते. ताबा पारंगतानं घ्यायचा असतो."

दोरूने नळीत डोके घातले. मान गेली. चकती अडली. त्याने तिरका होऊन पाहिले, पाठीवर होऊन पाहिले. नळी त्याच्या अंगाएवढी होती. त्यानेच ती तशी केली होती.

"काढ ना ते लोढणं," आतून लव्हाळी म्हणाली. "ठिपका तर पुसला."

"काढली तर बिनचकतीचा होईन."

"आत कोण बघतंय तुला?"

दोरूने सरड्याकडे पाहिले. सरडा बाभळीच्या रंगाचा झाला होता, पण डोळे उघडे होते. दोरूला ऐंशी काटे आठवले, बिळे आठवली, आकार येतोय म्हणणाऱ्या मॅडम आठवल्या. मग त्याने घरट्याकडे शिकल्यासवरल्या नजरेने पाहिले, आणि प्रथमच त्याच्या लक्षात आले की हे काम मुळातच चुकले आहे. तोंड फारच अरुंद ठेवले आहे. कोणा अडाण्याने बांधले असावे.

त्याने नळीच्या वरच्या टोकात चोच घातली आणि उसवायला सुरुवात केली.

"अरे, काय करतोयस?" लव्हाळी धडपडत बाहेर आली. "दोरू, उंबरा आहे तो. अंडी त्यावर आहेत, अरे."

नळी गळून पडली. मग उंबरा सुटला. खाली तळ्यात तीन लहान आवाज झाले, मध्ये थोडे थोडे अंतर ठेवून. लव्हाळी पाण्यावर एक घिरटी घालून आली, घरट्याकडे तिने पाहिले नाही, आणि ती पुढच्या बाभळीकडे उडून गेली.

तोंड आता चकतीएवढे झाले होते. दोरू सहज आत शिरला. आत शिरून तो वळला, आणि वळताना चकती त्या तोंडात अशी घट्ट बसली की कडेने गवताची काडी शिरायला जागा उरली नाही.

सरडा सरकत खाली आला. बंद तोंडावरून त्याने एकदा बोट फिरवले. मग सवयीने काळा दोरा काढून त्याने चारी बाजूंनी टाके घातले, आणि चुन्याने वर क्रमांक लिहिला: प्रत सहावी.