मैनांनी पाठवलेली गिऱ्हाइके

ही गोष्ट मी ऐकली तेव्हा फार लहान होतो, आणि ती मला नीट आठवते आहे असे ठामपणे सांगवत नाही. पाखरे मैना होती की पोपट, याबद्दलही मनात शंका आहे. मैनाच असाव्यात. आठवते तशी सांगतो.

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात घोंगड्या विणणारा एक सणगर राहत होता. मेंढरांची कातरणी झाली की धनगर त्याला लोकर देत, आणि पुढच्या कातरणीपर्यंत त्या लोकरीवरच त्याचे घर चाले. आठवड्याच्या बाजारात तो कडुलिंबाखाली घोंगड्या मांडून बसे. शेजारी त्याची बायको बसे. कुणाच्या जुन्या घोंगडीला भोक पडलेले असले की ती तिथल्या तिथे शिवून देई. त्याबद्दल ती काही घेत नसे. तिच्या सासूनेही कधी घेतले नव्हते. शिवणे होईपर्यंत माणूस बसून राही, पाऊसपाण्याचे, सोयरिकीचे बोले आणि निघून जाई.

एकदा त्या बाजारात एक मैनावाला आला. त्याने गावोगावच्या पाणवठ्यांवर बोलत्या मैना बसवल्या होत्या. ज्याचा माल असेल त्याची तारीफ त्या पाणी भरणाऱ्यांच्या कानावर घालीत. त्याने सणगराला सांगितले की मैनांचे ऐकून जो येईल त्याच्या हातात हळदीत बुडवलेले पीस असेल. पिसांची मूठ भरली की एक घोंगडी मैनावाल्याला द्यायची. पीस आले नाही, तर काहीच द्यायचे नाही.

इतका सरळ व्यवहार सणगराने कधी पाहिला नव्हता. त्याने लगेच होकार दिला.

पुढच्या बाजारी जो तो पिवळे पीस घेऊन आला. शेजारची मिरचीवाली म्हणाली, “भावजी, आता पाखरंच तुमची चाकरी करायला लागली. उद्या घोंगडीही तीच विणतील, तुम्ही आपले झोपा.”

सणगर हसला. त्याला मनापासून बरे वाटत होते. गिऱ्हाईक का येते आणि का येत नाही, हे त्याला इतक्या वर्षांत कधी कळले नव्हते. आता ते मुठीत धरता येत होते. घोंगड्या मात्र नेहमीइतक्याच खपल्या होत्या. ते त्याच्या ध्यानात आले नाही.

मैनावाल्याला द्यायच्या घोंगड्या वाढल्या, तसे सूत कमी पडू लागले. तेव्हा त्याने बायकोला सांगितले की बाजारात बसणे पुरे झाले, घरी राहून सूत काढ.

ती म्हणाली, “अहो, शिवून घ्यायला येणारी माणसं नुसती शिवून जात नाहीत.”

“पीस घेऊन किती आले ते मला दिसतं. तुझ्यामुळे किती आले ते दाखव.”

तिला ते दाखवता येईना. ती म्हणाली, “मग एक बाजार मैना गप्प ठेवून बघा.”

बोलणे सणगराला पटले. तो मैनावाल्याकडे गेला. मैनावाल्याने मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. खुशाल गप्प ठेवू, म्हणाला. मात्र पलीकडच्या गावचा सणगर केव्हाचा मागे लागला आहे, तेवढा बाजार मैना त्याचे नाव घेतील, हेही त्याने सहज सांगितले. आपले गिऱ्हाईक तिकडे जाईल, अशी सणगराला धास्ती वाटली. राहू द्या, असे म्हणून तो परत फिरला, आणि पुढच्या बाजारी बायकोला सूत काढायला घरी ठेवून एकटाच गेला.

हळूहळू गिऱ्हाईक घटू लागले. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पीस असेच, पण येणारेच कमी झाले. मैनावाला म्हणाला की मैना वाढवायला हव्यात, आणि त्यासाठी घोंगड्याही जास्त लागतील. सणगराने तेही मान्य केले. घरातल्या लोकरीचा ढीग गुडघ्याएवढा झाला, मग घोट्याएवढा.

थंडीच्या तोंडावर एक म्हातारा धनगर आला. एका हातात पीस होते, काखेत फाटकी घोंगडी. सणगराने त्याला विचारले, “पाव्हणं, मैना काय म्हणाली?”

“कसली मैना?” धनगर म्हणाला. “बाजाराच्या तोंडाशी, ओढ्याच्या उतारावर एक माणूस उभा असतो. घोंगडीवाल्याकडं चाललास का, म्हणाला. हो म्हटलं, तर हे हातात दिलं. तुझी बायको कुठाय? वैनी बसत न्हाईत असं ऐकून आमच्या वाडीतलं कुणी आलंच न्हाई. मीच म्हटलं, बघून तरी यावं.”

सणगर तसाच उठून ओढ्यावर गेला. मैनावाला स्वतःच तिथे पिसांची टोपली घेऊन उभा होता.

“तुम्ही मला फसवलंत,” सणगर म्हणाला.

“मैना बोलत होत्या, आणि पीस प्रत्येकाच्या हातात होतं,” मैनावाला शांतपणे म्हणाला. “ते कुठे देतो, हे तुम्ही कधी विचारलं नाही.”

 सणगराने मैना बंद केल्या. पुढच्या बाजारी बायको पुन्हा सुई घेऊन कडुलिंबाखाली बसली. बातमी वाड्यावस्त्यांवर पोहोचायला वेळ लागला, पण पोहोचली. ऐन थंडीत माणसे फाटक्या घोंगड्या घेऊन आली. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले होते, कुणाला नातू झाला होता. त्यांनी नव्या घोंगड्या मागितल्या.

घरात लोकरीचा धागा उरला नव्हता. कातरणी लांब होती. बायको खाली मान घालून शिवत राहिली, आणि सणगर एकेकाला हात जोडून परत पाठवत राहिला.

तात्पर्य: दारापाशी भेटलेल्याने गिऱ्हाईक आणले असे समजू नये. आणि जे थांबवून पाहण्याची भीती वाटते, ते सर्वांत आधी थांबवून पाहावे.

सणगराच्या बायकोचे म्हणणे मला लहानपणी नीट उमगले नव्हते. पुढे बऱ्याच वर्षांनी एका बाजारात घोंगडी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी मुद्दाम विचारले, आणि खात्री करून घेतली. चांगली घोंगडी वेळच्या वेळी शिवली, तर माणसाला निम्मे आयुष्य पुरते. ज्याने ती घेतली तो स्वतः सहसा दुसरी घ्यायला येत नाही. तो दुसऱ्यांसाठी घेतो, किंवा दुसऱ्यांना पाठवतो.