रखमा पायऱ्या चढेपर्यंत

“आणि कुणाला कळलंच नाही, तर?”

शर्वरीनं पुन्हा विचारलं.

द्वारकाबाई ओसरीवर बसून कोकमं फोडत होत्या. सालं एका सुपात, बिया एका पातेल्यात. बोटं लालभडक झाली होती.

याच ओसरीवर त्यांनी शर्वरीला लहानपणी सूर लावायला शिकवलं होतं. आता त्याच शर्वरीचे फोटो शहरांच्या चौकाचौकांत लागत होते. तिची गाडी बाईंच्या अरुंद, दगडी पाखाडीत शिरेना, म्हणून खाली रस्त्यावर उभी होती.

“काय कळलं नाही तर?” बाईंनी विचारलं.

“मी गात नाहीये, हे.”

बाईंनी आणखी एक कोकम फोडलं.

“दौरा संपत आलाय, बाई. नागपूरला माझा आवाज फुटला. शेवटच्या गाण्यात, सगळ्यात वरच्या सुरावर. लोकांनी मोबाइलवर टिपलं. अजून हसताहेत. आता शनिवारी पुणं. मॅनेजर म्हणतो, हेच गाणं रेकॉर्ड केलेलं आहे, ते लावून देऊ. तू फक्त ओठ हलव आणि नाच. संध्याकाळपर्यंत त्याला हो म्हणून सांगायचंय.”

“मग सांग.”

“तुम्ही म्हणा ना, सांग म्हणून.”

“म्हटलं की आत्ता.”

“तसं नाही हो...”

बाईंनी बिया पातेल्यात टाकल्या. शर्वरी उठली, ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली, परत बसली.

“सगळेच करतात, बाई. नाचताना दम लागतो. वर तो धूर. दिवे, आग, मागच्या पडद्यावरची चित्रं, सगळं त्या रेकॉर्डिंगला बांधलेलं असतं. एक क्षणही इकडेतिकडे व्हायची सोय नाही.”

“आणि तू?”

“मी काय?”

“तू कशाला बांधलेली आहेस?”

शर्वरी सुपातलं एक साल उचलून बोटांत फिरवू लागली.

“तो वरचा सूर,” बाईंनी विचारलं, “रेकॉर्डिंगमध्ये चोख लागलाय?”

“एकदम चोख. आणि माझाच आहे. दुसऱ्या कुणाचा उसना घेतलेला नाही.”

“मग तुला कशाला नेतात एवढ्या लांब? झगा पाठवून दे.”

शर्वरीला हसू आलं. हसता हसताच तिचे डोळे भरले.

“तुम्हाला थट्टा सुचतेय. पुण्यात पुन्हा फुटला ना, तर मी संपले. मग मला कुणी बोलावणार नाही. कधीच.”

बाईंनी सूप बाजूला सारलं. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. लाल रंग काही पुरता गेला नाही.

“चल. आरतीची वेळ झाली.”

“बाई, मी उत्तर मागायला आलेय.”

“आणि मी आरतीला चाललेय.”

वाघजाईचं देऊळ गावामागच्या टेकडीवर आहे. चढायला दगडी पायऱ्या, उंच आणि झिजलेल्या. बाई पुढे, शर्वरी मागे. वर पोचेपर्यंत शर्वरीलाच जास्त दम लागला.

देवळाच्या भिंतीवर एक यंत्र बसवलेलं होतं. मोटर, तिला जोडलेला नगारा, झांजा आणि घंटा. शेजारी कर्णा. बटण दाबलं की नगारा आपोआप वाजे आणि कर्ण्यातून आरती सुरू होई, शहरातल्या कुणा गायिकेच्या गोड आवाजात.

यंत्र येण्याआधी बाई आणि गावातल्या बायका आरती म्हणत. आता बाकी सगळे नुसते हात जोडून उभे राहत. टाळ्याही कुणी वाजवत नसे. त्या नगाऱ्यापुढे टाळी ऐकू कुठून जाणार?

देवळाचे मुख्य विश्वस्त तात्या सावंत शर्वरीला पाहून लगबगीनं पुढे आले.

“अरे वा! आमच्या गावची कीर्ती! बरं झालं आलात. या तुमच्या बाईंना जरा समजवा.”

“काय झालं?”

“एवढं खर्चून यंत्र आणलं. चोख आरती आणली. तरी या मध्ये मध्ये गातात. दोन आवाज होतात. भाविकांची तक्रार आहे.”

“कुणाची?” बाईंनी विचारलं.

“माझीच धरा.”

“धरली.”

“मग आज नाही ना गाणार?”

“गाणार.”

तात्यांनी शर्वरीकडे पाहिलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, “बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

“नाही राहिला,” बाई म्हणाल्या. “आहे तो आणलाय.”

तात्यांनी बटण दाबलं.

नगारा दणाणला. झांजा खणखणल्या. कर्ण्यातली गायिका गाऊ लागली, सुरेल, स्वच्छ, कुठेही श्वास न लागता.

बाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

त्यांचा आवाज खरखरीत होता, पत्र्यावरून काठी ओढावी तसा. शिवाय त्या यंत्राच्या बरोबरीनं चालत नव्हत्या. यंत्र पुढच्या कडव्यात गेलं तरी बाई मागच्याच कडव्यात. माणसं एकमेकांकडे बघू लागली. शर्वरीचे कान तापले.

यंत्राची आरती संपली. खट्ट आवाज झाला आणि नगारा जागच्या जागी थांबला.

पुजाऱ्यानं आरतीचं ताट खाली ठेवलं. माणसं दर्शनासाठी पुढे सरकली.

बाई गातच होत्या.

आता त्यांच्या आवाजाला कसलाच आडोसा नव्हता. शेवटचं कडवं आलं. शेवटची ओळ आली. बाईंनी ती म्हटली... आणि संपवली नाही. तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा.

वरच्या सुरावर आवाज फुटला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शर्वरीनं मान खाली घातली. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. नागपूरपासून ते तिच्या मागे लागलं होतं.

बाईंनी ओळ पुन्हा घेतली. आवाज पुन्हा फुटला, त्याच जागी.

शर्वरीनं त्यांच्या कोपराला हात लावला. “बाई, पुरे ना आता...”

बाईंनी कोपर सोडवून घेतलं.

तेव्हा शर्वरीच्या लक्षात आलं, बाईंचं तोंड देवीकडे नव्हतंच. मान वळलेली होती, दाराकडे.

ओळ पुन्हा आली, अगदी सावकाश. पुजारी गोंधळला. त्यानं खाली ठेवलेलं ताट उचलून पुन्हा हातात धरलं.

बाहेर पायऱ्यांवर काठीचा आवाज होत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

ओळ पुन्हा.

शेवटी दारात कुणीतरी दिसलं. खालच्या काजूच्या कारखान्यातली रखमा. कामाची पाळी सुटली की ती तशीच वर येई. काजूच्या चिकानं तिची बोटं काळी पडली होती, एक गुडघा धड वाकत नव्हता. तिनं काठी भिंतीला लावली, उंबऱ्याच्या आत आली आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

बाईंनी ओळ संपवली.

“आज फारच ओढलीत हो, बाई,” रखमा धापा टाकत म्हणाली.

“तुझा गुडघा आज जास्त धरलाय.”

“कुणी सांगितलं?”

“मधेच बसलीस ना पायरीवर.”

“बसले खरी.” रखमा हसली. “म्हटलं, बाई अजून गाताहेत. म्हणजे आहे वेळ.”

पुजाऱ्यानं ताट तिच्यापुढे धरलं. तिनं काळ्या बोटांनी ज्योतीची ऊब घेतली आणि तोंडावरून फिरवली.

तात्या यंत्रावरची धूळ फडक्यानं पुसत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

शर्वरी बाईंच्या अगदी जवळ आली. हळूच म्हणाली, “तुमचा आवाज फुटला.”

“कधी?”

“शेवटच्या ओळीत. दोनदा. लोक हसले, बाई.”

“हसले असतील,” बाई म्हणाल्या. “मी पायऱ्या ऐकत होते.”

...

फोन वाजला. मॅनेजर.

शर्वरी बाहेर पटांगणात गेली. बाई आणि रखमा चपला शोधत मागोमाग आल्या.

“काय मॅडम, ठरलं ना? रेकॉर्डिंग लावायला सांगतो.”

“नको.”

“नको म्हणजे?”

“मी गाणार आहे.”

“दिव्यांचं काय? नाचाचं काय? सगळं बसवलेलं आहे!”

“वाजवणारे आहेत ना आपले? त्यांना म्हणावं, माझ्याकडे बघून वाजवा. दिवे लावणाऱ्यालाही म्हणावं, माझ्याकडे बघ.”

“आणि नागपूरसारखं झालं तर?”

“होईल कदाचित.”

“शर्वरी, लोक तिकीट काढून येतात!”

“म्हणून तर. त्यांना मी दिसायला हवी. नुसता झगा नको.”

“झगा? कसला झगा?”

“काही नाही.”

 मग मॅनेजरचा आवाज थंड झाला. “हे बघ, असा हट्ट असेल तर शनिवारी आम्हाला दुसरं कुणीतरी उभं करावं लागेल.”

शर्वरीनं खाली पायऱ्यांकडे पाहिलं. तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. 

“करा उभं,” ती म्हणाली. “मी तरीही येणार. माइक दिलात तर माइकवर गाईन. नाही दिलात तर बाहेर रस्त्यावर उभी राहून गाईन.”

तिनं फोन बंद केला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर मटकन बसली.

खाली झाडांत अंधार उतरायला लागला होता. कारखान्याचा पत्रा तेवढा अजून चमकत होता.

“बाई...”

“हं.”

“पुण्यात पुन्हा फुटला तर?”

बाईंनी रखमाची उलटी पडलेली चप्पल पायानं सुलटी केली. तिच्यापुढे सरकवली. तिला आपला हात दिला.

“तुझ्या त्या मैदानाला फाटक असेल ना?”

“आहे. कार्यक्रम सुरू झाला की बंद करतात. उशिरा येणारे बाहेरच राहतात.”

बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. रखमाचा पाय शेजारी टेकेपर्यंत थांबल्या.

“उघडं ठेवायला सांग.”