येसूने धरलेली फळी

भक्तजनहो, दर्यानाथ महाराज त्या वर्षी कोंडखारला, खाडीकाठच्या मठीत मुक्कामाला होते. गावाची भातशेती मातीच्या बांधाआड. बांधाला शेतातलं पाणी खाडीत सोडायचं एक दार, त्याला तिथे उघाडी म्हणतात. भरतीआधी खारं पाणी अडवायला उघाडीला फळी लावायचं काम विधवा येसूचं. कोणी शाबासकी दिली की ती म्हणायची, "मी कोण लावणार? माझा देव लावतो."

आबाजी खोत याची भारी टिंगल करायचे. अमावास्येला सकाळी त्यांनी तिला चारचौघांत अडवलं. "देव लावतो ना? मग आज उधाणाला तू बस घरी. बघू त्याची करामत!"

येसूला ते झोंबलं. देवाचा मान राखायचा म्हणून बाई खरोखरच गेली नाही! मठीत येऊन डोळे मिटून बसली.

ऊन डोक्यावर आलं. महाराज म्हणाले, "बाय, भरती चढली. तू इथे कशी?"

"आज त्यालाच लावू दे, महाराज."

"अगं वेडे! तो तुझ्याच हातांनी लावतो. ते तू मांडीत घेऊन बसलीस, तर त्याने करावं काय? ऊठ!"

येसू धावत सुटली. खारं पाणी उघाडीतून आत घुसत होतं. आणखी घटकाभर, की गावाची लावणी करपलीच! तिने फळी बसवली, पाण्याने फेकली. पुन्हा बसवली, पुन्हा फेकली. तिसऱ्यांदा बसवून तिने फळीला पाठ लावली आणि ती ओरडली, "मेले तरी सोडायची नाही!" चार गड्यांना न आवरणारा तो रेटा. तिचे हात बधिर झाले, तरी फळी तसूभर हलेना. खोत धावत आले, पाण्यात उतरले, फळीला हात लावला, तर भारच लागेना! ओहोटी लागेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.

दोघं मठीत आली. महाराजांचे तळवे सोललेले, कोपरापर्यंत खारा चिखल! भजनी मंडळी शपथेवर सांगत होती, महाराज जागचे हलले नाहीत.

खोतांनी विचारलं, "येसू, खरं सांग, फळी कोणी धरली?"

"धरायची का सोडायची, एवढं माझ्याकडे होतं. मी धरली. पुढचं बळ माझं नव्हतं, खोतांनू."

खोत महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "आधी तिच्या."

आणि सारा गाव ज्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राही, त्या आबाजी खोतांनी पागोटं उतरवून येसूच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.