अंबारीतला पेला

कोंडेवळ संस्थानच्या रावराजांना दारूचं भारी कौतुक. दारूनं हाताला बळ येतं, असं ते सगळ्यांना सांगायचे; आणि सांगताना त्यांचा हात असा थरथरायचा, की निम्मा पेला मिशाच प्यायच्या. वर त्यांनी हुकूम काढला, की न पिणाऱ्याला आपल्या शेजारी बसायचा मान नाही. झालं! म्हातारे पुराणिकबुवासुद्धा नाक दाबून घोट घ्यायला लागले.

दसऱ्याची मिरवणूक निघायची होती. रावराजे हत्तीवरच्या अंबारीत चढून बसले आणि पुढे हत्तीच्या मानेवर बसलेल्या बाबालाल माहुताला त्यांनी पेला दिला.

“मी घेत नाही, सरकार.”

“मग उतर खाली! न पिणाऱ्याबरोबर बसणं आमच्या इभ्रतीला शोभत नाही. उद्यापासून तुझी नोकरीही बंद!”

खाली उभे असलेले मानकरी खो खो हसले. पेला हातात घेऊन बाबालाल अदबीनं म्हणाला, “हुकूम मान्य, सरकार. पण आपण ज्याच्या पाठीवर बसलाय, तोही जन्मात कधी प्यायलेला नाही. मग आता आपणही उतरता, की त्याला पाजू?”

वास लागताच हत्तीनं सोंड वर केली. अंबारी डुलली. रावराजांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि जमीन किती खाली आहे, ते आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“बाबालाल,” ते हळूच म्हणाले, “तो पेला फेकून दे बाबा. आणि सोंड पोचणार नाही इतका लांब फेक.”