‘येते’ म्हणायचं राहून गेलं

“पण बुवा, दत्ताच्या पायाशी कुत्री असतातच की! मग आणखी एक आलं तर काय बिघडलं?”

खेमाबुवा औदुंबराच्या पारावर बसून मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तसबिरीतली कुत्री भाकरी मागत नाहीत, पोरी.”

असं उत्तर येईल हे उल्का मगदूमच्या ध्यानीमनी नव्हतं. दत्ताची मठी म्हणजे कुत्र्याचं हक्काचं घर, असं धरून चालूनच ती रिक्षा करून नदीकाठी आली होती. बुवा दोन्ही हात पसरून कुत्र्याला जवळ घेतील, असं चित्र तिने वाटेत रंगवलं होतं. आणि इथे बुवांना मेथीच्या काड्यांची पडली होती!

तिच्या पायाशी भुंग्या बसला होता. अंगाने काळाभोर, एक कान उभा, एक पडलेला. नवी जागा, नवे वास, तरी त्याचं सगळं लक्ष उल्काच्या पायांकडे. पाय जरा हलला की तो उठून उभा राहायचा.

आता या उल्काबाईंचं थोडं सांगायला हवं. दूध संघात दूध तपासायच्या कामावर होती. कामाला वाघ. तिच्या हातून वाईट दूध पुढे गेलंय असं कधी झालं नाही, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची. आई गेल्यावर घरात एकटी. संघाच्या आवारात एका टँकरखाली हे पिल्लू कुडकुडत बसलं होतं, ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. त्या दिवसापासून घरात बोलायला कुणीतरी झालं.

“अडचण काय आहे?” बुवांनी विचारलं.

“नोकरी.”

“सोड मग.”

“अहो बुवा!”

“बरं, मग कुत्रा सोड.”

“तेच तर करायला आलेय...”

एवढं बोलून तिने ओढणीने डोळे टिपले. बुवांनी मेथीची पुढची काडी उचलली.

“सकाळी जाते ती दिवस मावळताना येते,” उल्का म्हणाली. “तोवर हा एकटा. दार ओरबाडून ठेवलंय. गादी फाडून झाली. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, तुम्ही गेलात की रडतो. मी तिकडे दुधाचे नमुने बघते, पण कानात याचंच रडणं. जेवताना घास उतरत नाही, बुवा.”

“दुपारी बघायला कुणी नाही?”

“शेजारच्या मोहितेकाकू आहेत. किल्ली ठेवून जा, मी याला फिरवून आणते, असं म्हणतात बिचाऱ्या. पण मला कुणाचे उपकार घ्यायला आवडत नाहीत. माझा कुत्रा, मलाच झेपला पाहिजे. आणि दिवसभर त्याच्याजवळ राहता येत नसेल, तर मला तो ठेवायचा हक्कच नाही. अर्धंमुर्धं मला चालत नाही. करायचं तर पुरतं, नाहीतर हातच लावायचा नाही.”

हे म्हणताना तिची मान जरा ताठ झाली. डोळ्यांत पाणी, आणि मान ताठ! माणूस दुःखातसुद्धा ऐट सोडत नाही ती अशी.

बुवांनी मेथीचं एक पान भुंग्यापुढे धरलं. त्याने हुंगून तोंड फिरवलं.

“शहाणा आहे,” बुवा म्हणाले. “ठेव इथे.”

“ठेवू?”

“तेच मागायला आलीस ना?”

हो, तेच मागायला आली होती. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट हातातली साखळीच तिने मनगटाला आणखी एक वेढा देऊन धरली.

बुवांनी ते पाहिलं.

“रोज कामाला निघताना याला काय सांगतेस?”

“याला? कुत्र्याला काय सांगायचं?”

“बरं, निघतेस कशी ते सांग.”

उल्का जरा ओशाळली.

“मागच्या दारानं. याच्या ताटलीत दूधभाकरी कुस्करते. हा खाण्यात गुंतला की चपला हातात घेते आणि हळूच कडी लावते. पत्ता लागू देत नाही. त्याच्या बऱ्यासाठीच हो! पाहिलं तर जाऊच देणार नाही.”

“हं... आणि मोहितेकाकूंना काय सांगून निघतेस?”

“येते काकू, म्हणते.”

“घरातल्या देवाला?”

“येते म्हणते...”

“आईच्या फोटोला?”

उल्काने मान खाली घातली. फोटोसमोर ती रोज क्षणभर थांबायची. येते गं आई, म्हणायची आणि मगच पिशवी उचलायची.

“आणि जाते असं कधी म्हणालीस?”

“छे! जाते कसं म्हणेन? असं बोलू नये. लहानपणी एकदा तोंडून निघालं, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता.”

आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी येतो म्हणायचं. सासरी निघालेली लेक येते म्हणते, आणि लढाईवर निघालेला शिपाईही येतो म्हणूनच उंबरा ओलांडतो.

“म्हणजे बघ,” बुवा म्हणाले, “देवाला येते, काकूला येते, भिंतीवरच्या फोटोलासुद्धा येते. आणि घरात एकच जीव खरोखर तुझी वाट बघतो, त्याला तेवढं सांगत नाहीस.”

“कुत्र्याला काय कळतंय, बुवा?”

“कळत नाही? मग चपला हातात कशाला घेतेस?”

उल्काने बाजूला काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं. खाली घाटावर कुणी धुणं आपटत होतं.

बुवांनी निवडलेली मेथी टोपलीत टाकली आणि टोपली बाजूला सारली.

“आज तर कायमची चाललीस. आज तरी नीट निरोप घे. त्याच्यासमोर बस. डोळ्यांत बघ. आणि खरं ते सांग. जाते म्हण.”

“बुवा, असं काय करायला लावता...”

“येणार नाहीस, तर येते म्हणायचं नाही. जाते म्हण. मग साखळी माझ्या हातात दे.”

ती गुडघ्यांवर बसली. भुंग्याने लगेच तिच्या तळहातात नाक खुपसलं. संघात भल्याभल्यांना, तुमच्या दुधात पाणी आहे, परत न्या, असं तोंडावर सांगणारी ही बाई. आज तिला दोन अक्षरं बोलता येईनात. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

“भुंग्या... मी...”

भुंग्याने पडलेला कान जरासा उचलला.

“मी येते रे.”

बोलून गेली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. बुवांनी तिला रडू दिलं. मग हात पुढे केला.

“साखळी दे.”

“अहो, पण मी तर येते म्हणाले!”

“ऐकलं. मग जा, आणि ये. गावात फीर, बाजार कर, काही कर. दिवस मावळेपर्यंत इकडे फिरकायचं नाही. मला स्वयंपाक आहे.”

उल्का उठली. पहिल्यांदाच ती भुंग्याच्या डोळ्यांदेखत, चपला पायांत घालून, समोरच्या वाटेने निघाली. मागून कण्हल्याचा आवाज आला. मग केकाटल्याचा. तिचे पाय अडखळले.

“वळू नकोस!” बुवा ओरडले. “शब्द दिलायस ना, मग चाल!”

ती चालत राहिली. एसटी स्टँडवर गेली. चहा मागवला, तो तसाच गार झाला. बाजारात गेली. वांगी घेतली, पिशवी भाजीवालीकडेच विसरली, पुन्हा जाऊन आणली. दिवस म्हणजे नुसता लांबत चालला होता. नोकरीवर असताना तिला हे कधी जाणवलं नव्हतं, कारण तिथे हाताला काम असायचं. आज ती नुसती वाट बघत होती. भुंग्या रोज हेच करतो, हे तिला आज स्वतःच्या जिवावरून कळलं.

उन्हं कलली तशी ती मठीकडे निघाली. निघाली कसली, पळतच सुटली.

पायऱ्यांवर तिच्या चपला वाजल्या मात्र, वरून साखळी खळखळली. भुंग्याने बुवांच्या हाताला हिसका दिला, टोपली उलटी केली आणि साखळीसकट तीन-तीन पायऱ्या ओलांडत खाली आला. तिच्या अंगावर उडी काय मारली, भोवती गोल काय फिरला, मध्येच तिला सोडून उगाच औदुंबरापर्यंत धावत गेला आणि पुन्हा आला! शेपटीबरोबर सगळं अंगच हलत होतं. उल्का तिथेच पायरीवर बसली. वांग्यांची पिशवी कुठल्या कुठे पडली.

“अरे हो, आले, आले रे बाबा... आलेय ना मी!”

तिला भरून आलं. आपण अशा कोण लागून गेलो? आपण आलो म्हणून कुणाला एवढा आनंद व्हावा? आणि हे काही आजचं नव्हतं. हा रोज असाच धावत येत होता. ती मात्र दार उघडल्या उघडल्या ओरबाडे बघायची, सांडलेलं पाणी बघायची, फडकं शोधायची, आणि वर स्वतःलाच दोष देत बसायची. समोर वाढून ठेवलेलं हे सुख तिने कधी नीट हातात घेतलंच नव्हतं. तिने भुंग्याचं डोकं छातीशी धरलं आणि मनातल्या मनात त्याचे, आईचे, त्या टँकरचेसुद्धा आभार मानले.

“फार रडला का हो?” डोळे पुसत तिने विचारलं.

“थोडा रडला. मग कंटाळला. मग माझी अर्धी भाकरी खाल्ली आणि चुलीजवळ घोरत पडला,” बुवा म्हणाले. “तू समजतेस तेवढी मोठी नाहीस, पोरी. तुझ्यावाचून त्याचा दिवस जातो.”

एरवी असं कुणी बोललं असतं तर उल्काने त्याची गय केली नसती. आज तिला हसू फुटलं. किती दिवसांचं ओझं उतरलं म्हणून सांगू!

“बुवा, तुमचे उपकार मी...”

“माझे कशाला? उपकार घ्यायचेच असतील तर शेजारी जाऊन घे.”

“घेते,” ती म्हणाली. “उद्याच काकूंना किल्ली देते. आणि समोरच्या दारानं निघते. याला सांगून.”

बुवांनी मान डोलावली. सांजारतीची वेळ झाली होती. दुपारपासून बंद असलेल्या गाभाऱ्यापाशी ते गेले आणि कमरेची किल्ली काढून कुलूप उघडू लागले. उल्का भुंग्याला घेऊन मागे उभी राहिली. एक शंका अजून तिच्या मनात टोचत होती.

“पण बुवा, मी मेली फक्त सकाळ-संध्याकाळची. बाकी सगळा दिवस बंद दाराआड एकटाच. एवढंसं पुरेल का हो त्याला?”

कडी निघाली. दार करकरत उघडलं. आत समई मंद जळत होती, दत्ताची मूर्ती स्तब्ध उभी होती. बुवा उंबऱ्यावर थांबले. मागे वळून त्यांनी भुंग्याकडे पाहिलं. त्याची शेपटी अजून थांबली नव्हती.

“पोरी, मी जन्मभर हे दार उघडत आलो. आतून अजून कुणी धावत आलं नाही.”