तिसरं भोक

“पण वस्ताद, माझं शिकायचं राहिलंय तरी काय?”

अभिनंदन मगदूमनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर वस्ताद चहात बेकरीचं बटर बुडवत होते. त्यांनी आधी बटर संपवलं. मग कप विसळला.

मिरजेत जुन्या मोटारसायकलींचं काम करणाऱ्यांची एक रीत होती. वस्तादानं स्वतःच्या हातातला पाना दिला, की शिष्य मोकळा. पाना न घेता गेलेल्याकडं कुणी जुनी गाडी नेत नसे.

अभिनंदनला पाना अजून मिळायचा होता. पण जयसिंगपुरात त्यानं गाळा घेतला होता, पाडव्याचा मुहूर्त धरला होता आणि गाळ्यावर बोल्ट आवळून बोर्डही चढवला होता... ‘जुन्या गाड्यांचा एकमेव डॉक्टर’. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आता वस्ताद नाही म्हणाले तर गावभर हसं होणार, या विचारानं त्याला मनातून धास्ती वाटत होती.

वस्तादांनी कोपऱ्यातल्या गाडीकडं बोट दाखवलं.

ती त्यांची स्वतःची. तिचा एअर फिल्टरचा मूळ डबा कधीचाच हरवला होता आणि बरीच वर्षं ती कार्बोरेटरच्या तोंडाला फडकं बांधून धावत होती. त्याच मॉडेलचा अस्सल डबा परवा इचलकरंजीच्या भंगारात सापडला. वस्तादांनी तो एसटीतून नातवासारखा मांडीवर बसवून आणला होता.

“बसव,” ते म्हणाले. “मग बोलू.”

अभिनंदनला हसूच आलं. एवढ्यावर सुटका होणार असेल, तर स्वस्तातच झाली म्हणायची.

डबा तीन बोल्टांवर बसायचा. पहिला बोल्ट त्यानं घातला आणि करकचून आवळला. त्याच्या आवळण्याची ख्याती होती. अभ्यानं आवळलेला बोल्ट अभ्यालाच सुटतो, असं बाजारात म्हणत. दुसराही त्यानं तसाच आवळला.

तिसरा जाईना.

डब्याचं भोक आणि चासीचं भोक एकमेकांसमोर अर्धवटच येत होती. त्यानं डबा दाबला, तळहातानं ठोकला, गुडघा लावून पाहिला. कपाळावरचा घाम डब्यावर पडला.

“डबा डुप्लिकेट हाय, वस्ताद.”

“अस्सल हाय.”

“मग चासी वाकलीय.”

“सरळ हाय.”

...

अभिनंदननं गोल कानस उचलली. भोक थोडं वाढवलं की काम होईल, असं तो म्हणाला, पण म्हणताना त्याचा आवाज मऊ पडला. एकदा कानस फिरली की डबा अस्सल राहणार नाही, आणि दुसरा मिळणार नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी त्यानं कानस भोकात घातली.

वस्ताद उठले. त्यांनी हात पुढं केला.

अभिनंदननं कानस दिली. वस्तादांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

“चुकलाय कुठला?”

“तिसरा.”

“तिसरा तर अजून लागलाच न्हाई.”

...

वस्तादांनी आपला पाना घेतला. पहिला बोल्ट ढिला केला, मग दुसरा. एवढा घाम गाळून बसवलेला डबा लोंबकळायला लागला, आणि अभिनंदनला वाटलं, संपलं... पाडवाही गेला आणि पानाही.

वस्तादांनी दोन बोटांनी डबा हळूच हलवला. तिसरं भोक आपणहून समोर आलं.

“घाल आता. नुसता बोटानं.”

त्यानं घातला. बोल्ट गेला. मग वस्तादांनी पाना आवळण्यापुरता त्याच्या हाती दिला आणि त्यानं तिन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळत आणले.

किक मारल्यावर गाडीची नेहमीची धाप ऐकू आली नाही. इंजिन शांत चालत होतं. वस्ताद टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यांना फार आनंद झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

गाडी बंद झाली. अभिनंदननं मान खाली घालून पाना परत दिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

“बोर्ड उतरवतो, वस्ताद,” तो म्हणाला. “पाडवाबी ऱ्हाऊ दे. तुम्ही म्हणाल तवा जातो.”

कार्बोरेटरचं जुनं फडकं वस्तादांनी उचललं, त्यानं पाना पुसला, आणि अभिनंदनच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटवली.

अभिनंदनला खरं वाटेना.

“बोर्ड ऱ्हाऊ दे,” वस्ताद म्हणाले. “त्याचे बोल्ट तेवढे ढिले कर.”